विरजणाचा रुमाल
आंबट दह्याचा वास आला की नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या घराचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. परदेशी सहली तेव्हा नुकत्याच आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आल्या होत्या. बाबा निवृत्त झाले आणि आईला घेऊन महिनाभर युरोप बघायला निघाले. "तिकडचं दही कसलं असंल की," म्हणत आईने एक रुमाल दह्यात बुडवून वाळवला आणि विरजण म्हणून बॅगेत ठेवला. परतले ते बाबा एकटेच. आई तिकडेच झोपेत गेली होती. बॅग उघडून त्यांनी तो रुमाल कोमट दुधात बुडवला. "लावायचं राहूनच गेलं तिचं," एवढंच बोलले. सकाळी दही घट्ट लागलं होतं. बाबांनी ते भातावर घेऊन सगळं संपवलं, विरजणापुरतंही ठेवलं नाही. त्यानंतर घरात दही लागलं नाही; शेजारी विरजण मागायला मी अजून गेले नाही.