औषधाची मिसरी

कस्तुराबाईची अन् माझी गाठ भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात पडली. दोघींची घरं ढिगारा झालेली, मधी एक पत्रा. तिची दाढ ठणकायची म्हणून पलीकडच्या एका बाईनं तिला मिसरी दिली. दाढ पुढं किडून पडली. मिसरी तेवढी राहिली.

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तशी तिनं मेस काढली. भोकर-बिलोलीची पोरं ताट पुढं ओढून बसायची अन् ही तासन् तास उभी राहून भाकरी थापायची. "डॉक्टर झालात की माझ्याकडनं फी घिऊ नका, मुडद्यांनो," असं म्हणत वाढायची. मी शेजारच्याच खोलीत. दुपारी चूल रिकामी झाली की मिसरीसाठी जुन्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची. सगळी गल्ली खोकायची. ती सोडून.

साखरेची बिमारी लागली तरी तिला फिकीर न्हाई. मग पायाच्या अंगठ्याला जखम झाली. भरंना, काळी पडाया लागली, तेव्हा मी ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण, पण नीट समजावून सांगणारा. "आजी, भाकरी तव्यावर विसरली की करपते ना? तशी साखर वाढली की अंगात वंगाळ पदार्थ तयार होतात अन् रक्ताच्या नसा आतून खराब होतात. वयानं ते साठत जातात. त्यात तंबाखूचं विष पडलं, तर पायाला रक्तच पोचत न्हाई. तंबाखू खाता का?"

"न्हाई बा! आमच्या घराण्यात बायांनी कधी तोंडात धरली न्हाई."

मी कोपर मारलं. बाहेर आल्यावर माझ्यावरच उखडली. "कोपर कशाला मारतीस? खोटं बोलले का मी? तंबाखू गडीमाणसं खातेत. मी दात घासते."

आता ह्याला काय म्हणावं? घरी येऊन डोकं आपटावं तर भिंत तिच्याच मेसची.

जखम हटंना. डॉक्टर गोळ्या बदलून राहिला, हिची मिसरीची डबी काही बदलंना. माझी नात सृष्टी क्लासला होती. ती म्हणाली, "हळदीत, आवळ्यात असल्या विषाला आवरणारं काही असंल, असं शोधून राहिलेत लोक. पण आज्जे, आधी विष बंद करायचं." कस्तुराबाईनं ह्यातलं निम्मंच ऐकलं. कोणतं, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गल्लीत भलताच वास. बघते तर तव्यावर तंबाखू, वरून हळद, अन् नांदेडच्या लेकीनं धाडलेली आवळ्याची भुकटी.

"अगं, हे काय?"

"औषधाची मिसरी. विष अन् उतारा एकाच डबीत. भांडू दे त्यांना."

"अन् भांडण तुझ्या अंगठ्यात चाललंय, ते?"

"तू लई शिकलीस दुसरीपर्यंत!"

पुढल्या खेपेला डॉक्टर हसला न्हाई. "अंगठा काढावा लागंल असं दिसतंय. पसरलं तर पाऊल. तंबाखू न्हाई म्हणता, मग रक्त का पोचंना, तेच कळंना."

कस्तुराबाईचं तोंड उतरलं. "पाऊल गेल्यावर भाकरी बसून थापू का?" एवढंच बोलली. माझ्यानं ऱ्हाववलं न्हाई. तिच्या कमरेची चंची ओढली अन् त्यातली डबी टेबलावर आदळली.

डॉक्टरनं हुंगलं. "हे काय?"

"मिसरी," ती पुटपुटली.

"कशाची?"

तिनं डबी पदराखाली ओढायला बघितली. मग म्हणाली, "तंबाखूची. पण भाजलेली. अन् हळदबी हाय त्यात."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. डबी कचऱ्याच्या बादलीत गेली. घरी येईस्तोवर ती माझ्याशी बोलली न्हाई; नंतरबी किती दिवस मेसच्या पोरांच्या हातून निरोप धाडायची, "त्या चोरटीला म्हणावं, दात शिवशिवतेत."

पण मी काही नवी डबी तिच्या हाती लागू दिली न्हाई. गोळ्या, मलमपट्टी, गोड बंद अन् मिसरी बंद. अंगठ्याला हळूहळू लाली आली, जखम भरली. डॉक्टर म्हणाला, वाचला.

परवा नळावर पाणी भरायला उभी होते. कस्तुराबाई दोन्ही पायांवर ठाम उभी राहून बायांना सांगत होती, "हळदीनं वाचवलं बघा मला! तुम्हीबी मिसरी भाजताना चमचाभर टाकत जा."

माझी घागर भरायची होती. तशीच नळाखाली सोडली अन् आधी तिच्याकडं गेले.