वस्तीतली एकच उणीव

किल्लीकाकांना घर कळायचं. हे त्यांचे शत्रूसुद्धा कबूल करत, आणि भाड्याने घरं लावून देण्याच्या धंद्यात शत्रूंना काही तोटा नसतो. रिकाम्या खोलीत शिरलं की काका आधी तोंडातून शब्द काढत नसत. भिंतीवर कमरेच्या उंचीला उलटा हात फिरवून ओल बघायची, मोरीच्या जाळीवर वाकून वास घ्यायचा, नळ पूर्ण सोडायचा, बंद करून ठिबकतो का ते बघायचं, मग खिडकीच्या कडीला एक हिसका. एवढं झालं की त्या घरात राहून गेलेली माणसं कशी होती तेही ते सांगू शकत. पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा चालताना वाजायचा म्हणून पोरांनी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि ते इतकं मुरलं होतं की खरं नाव विचारलं तर त्यांच्या बायकोलाही जरा थांबून सांगावं लागे.

धंद्याची एक खुबी त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. गिऱ्हाइकाला सगळंच गोड सांगितलं की ते बिचकतं, हा माणूस काहीतरी दडवतोय म्हणतं. म्हणून एक उणीव आपणहून सांगून टाकायची. एक वाईट गोष्ट सांगितली की बाकीच्या दहा चांगल्या गोष्टी आपोआप खऱ्या ठरतात. पण ती उणीव निवडायला अक्कल लागते. घराची सांगितली तर घरमालक पुढच्या वेळी किल्ली देत नाही. शेजाऱ्याची सांगितली तर शेजारी दारात येतो. दुकानदाराची सांगायची तर त्याच्याकडेच उद्या साबण घ्यायला जायचं असतं. उणीव अशी हवी की जिच्या वतीने भांडायला कोणी येणार नाही. कोपऱ्यावरची सरकारी प्राथमिक शाळा ह्या कामाला अगदी सोयीची होती.

तेव्हा नळ वाहून दाखवला, खिडक्या उघडून झाल्या, नवराबायको एकमेकांकडे बघायला लागली, की काका आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "घर चांगलं आहे, पाणी चांगलं आहे, शेजार चांगला आहे. तुमच्यापासून कशाला लपवू, शाळा तेवढी बरी नाही. मुलांना तिथे नका घालू." समोरच्याचा चेहरा लगेच निवळायचा. असा माणूस भेटत नाही हो आजकाल, असं त्याच्या कपाळावरच उमटायचं, आणि घर लागायचं.

आता गंमत अशी की काकांनी त्या शाळेत आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं. ते वस्तीत आले तेच मिशी फुटल्यावर. शाळेचं गंजलेलं फाटक आणि त्यामागची पिवळी भिंत, एवढीच त्यांची ओळख. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, असं बायको एकदा म्हणालीसुद्धा. काका म्हणाले, धंद्यातलं तुला काय कळतंय. त्यांनी आपल्या मुलीलाही लांबच्या शाळेत घातलं होतं. स्वतःच्याच तोंडून इतक्यांदा ऐकल्यावर त्यांना ते खरं वाटायला लागलं होतं.

त्याच मुलीने त्यांना अडचणीत आणलं. जावयाला दुसऱ्या शहरात काम लागलं, म्हणून ती आपली मुलगी घेऊन माहेरी राहायला आली. ती दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या शाळेत गेली, वर्गात बसून आली, आणि कोणाला न विचारता नातीचं नाव घालून मोकळी झाली. काकांनी घर डोक्यावर घेतलं. पोरीचं नुकसान होईल, असं पहिल्यांदा म्हणाले. मग जरा वेळाने खरं ते बाहेर पडलं: ज्यांना ज्यांना मी नको म्हणून सांगितलं, ती माणसं मला काय म्हणतील?

"बाबा, तुम्ही आत जाऊन बघितलंय का कधी?" मुलीने विचारलं.

काका रागावले. उत्तर नसलं की रागावायचं, ही त्यांची जुनी सोय होती.

नातीला पोचवायचं काम मात्र त्यांच्याच गळ्यात पडलं. ते तिला सरळ रस्त्याने न नेता मागच्या बोळातून नेत. पुढच्या रस्त्यावरची निम्मी बिऱ्हाडं त्यांनीच आणून बसवलेली. कोणी गॅलरीतून बघितलं तर? चोरासारखं फाटकाशी सोडायचं आणि पाठ फिरवायची. नातीला मात्र ह्या लपाछपीचं काही नव्हतं. आधीच्या मोठ्या शाळेत ती शेवटच्या बाकावर बसून मुकी झाली होती, आणि इथे दोन-तीन महिन्यांत तिला वाचनाचं असं वेड लागलं की दिसेल ते मोठ्याने वाचत सुटायची. विजेच्या खांबावरचा धोका वाचायची, गटाराच्या झाकणावरची अक्षरं वाचायची. एकदा बोळातल्या भिंतीवरचं 'येथे मूळव्याध कायमची बरी केली जाते' तिने इतक्या स्पष्ट उच्चारात वाचलं की पलीकडून येणाऱ्या पोस्टमनने काकांकडे सहानुभूतीने पाहिलं.

एके दिवशी शाळेने घरच्यांना बोलावलं, मुलं कशी शिकतात ते येऊन बघा म्हणून. मुलीची दवाखान्यात कामाची पाळी होती. गेले काका, तोंड वाकडं करून.

आत शिरताच त्यांचे हात सवयीने चालायला लागले. भिंतीवरून उलटा हात फिरवला, ओल नव्हती. नळ उघडून बंद केला, थेंब नाही. खिडक्यांच्या कड्या घट्ट होत्या, पण स्क्रू निरनिराळ्या जातीचे, म्हणजे कोणीतरी मिळतील तसे आणून घरच्या हाताने बसवलेले. मग ते मुलांच्या संडासाकडे गेले, कारण घराची लाज तिथेच झाकलेली असते हे त्यांचं ठाम मत. वास नव्हता. दाराला दोन कड्या होत्या. एक नेहमीसारखी वर, आणि एक नवी, खाली, पहिलीतल्या पोराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. काका त्या खालच्या कडीकडे बघत उभे राहिले. आयुष्यात शेकडो दारं उघडली, पण लहान मुलाला कडी कशी लागेल हा विचार केलेला माणूस त्यांना कुठल्याही घरात भेटला नव्हता.

वर्गात बाकं पुष्कळ आणि मुलं थोडी. शिक्षिका जमिनीवर गुडघे टेकून एका मुलीशेजारी बसली होती. मुलगी एका शब्दापाशी अडली. शिक्षिकेने तो सांगितला नाही, घाईही केली नाही, नुसती थांबली. मुलीने तो शब्द सोडवला आणि पुढे गेली. काकांना दहा मिनिटांत चांगलं घर ओळखता यायचं, आणि हे चांगलं घर आहे हे त्यांना त्याच्याही आधी कळलं होतं.

मोठ्या बाई त्यांना दाराशी भेटल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणत, जरी अंगाने त्या काडीसारख्या होत्या. घरं दाखवता ते तुम्हीच ना, असं त्यांनी विचारलं आणि काकांनी वाजता जुडगा हाताने दाबून धरला. पण बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या सांगत होत्या की मुलं कमी म्हणून शाळा बंद करून मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेला जोडायचं वर चाललंय, आणि लवकरच एक साहेब वस्तीचं म्हणणं ऐकायला येणार आहेत.

"नवीन कुटुंबं सगळ्यात आधी तुम्हाला भेटतात, काका," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दाला वजन आहे म्हणतात. आमच्या शाळेबद्दल चार शब्द बोलाल का?"

बोलतो की, असं काका म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण जीभ मात्र रोजच्या सवयीने गोड चालली.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने एकच म्हटलं, की बाईंना जाऊन खरं सांगून टाका. काकांनी तिला दहा कारणं दिली. आता सांगून काय उपयोग, आणि त्यांचं मन कशाला दुखवा, आणि यापुढे मी शाळेबद्दल चांगलंच बोलणार आहे, म्हणजे फिटलं. आणि खरंच, पुढच्या गिऱ्हाइकापाशी त्यांनी शाळेची तोंड भरून स्तुती केली. पण मग सांगायला उणीव उरेना, तेव्हा कोपऱ्यावरचा वाणी मापात मारतो असं ठोकून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळपर्यंत वाण्याच्या कानावर ते गेलं आणि त्याने भर दुकानात काकांचा उद्धार केला. दुकानदाराच्या वतीने बोलायला निदान दुकानदार तरी होता, असं घरी येताना काकांच्या मनात आलं, आणि त्यांना वाण्याचा राग येईना.

साहेब आले त्या दिवशी चौथीच्या वर्गात वस्ती जमली. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मोठ्या बाईंनी काकांना पुढे बसवलं आणि साहेबांना ओळख करून दिली, की हे आमच्या वस्तीतले जाणते, नात आमच्याकडेच शिकते. साहेब तसे भले दिसत होते. त्यांनी सरळ विचारलं, की शाळा घराशी आहे, इमारत धड आहे, शिकवणं मी आत्ताच पाहिलं, ते उत्तम आहे. मग तुम्ही मुलं का पाठवत नाही?

पुढच्या रस्त्यावरच्या बिऱ्हाडातल्या, शिवणकाम करणाऱ्या एक बाई उठल्या. कोणाचं वाईट करायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

"आम्ही नवीन होतो, साहेब. कोणाला ओळखत नव्हतो," त्या म्हणाल्या. "ह्या काकांनी आपणहून सांगितलं, की शाळा बरी नाही. दुसरा कोणी असता तर घर लागावं म्हणून लपवलं असतं. तेवढ्यावरच आम्ही घर घेतलं. माणूस खरा आहे."

आम्हालाही सांगितलं होतं, बसचा कंडक्टर मागून म्हणाला. आम्हालाही, असं आणखी कोणी म्हणालं. एकेक जण मान डोलवत काकांच्या खरेपणाची साक्ष देऊ लागला. काकांची इतकी स्तुती एका जागी कधी झाली नव्हती. त्यांना वाटलं, ह्यापेक्षा कोणी चपलेने मारलं असतं तर बरं. त्यांनी मान वर केली तर मोठ्या बाई त्यांच्याचकडे बघत होत्या. रागाने नव्हे. एखादा हिशेब कितीदा करूनही जुळत नसावा आणि अचानक चूक सापडावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

साहेब काकांकडे वळले. "तुम्ही काय बघितलं होतं इथे?"

आणि इथेच काकांची तीस वर्षांची जीभ धावून आली. पूर्वी एक मास्तर फार मारायचे, असं म्हणता आलं असतं. पूर्वी पाणी नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पूर्वीचं कोण तपासायला जातंय? वर्गातला प्रत्येक जण ते मानायला तयार बसला होता. आता शाळा सुधारली, असं पुढे जोडलं की सगळ्यांची अब्रू राहिली असती. वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

"काही नाही," काका म्हणाले. "मी आत कधी आलोच नव्हतो."

साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी विचारलं, मग सांगितलं कशावरून?

"घर लागावं म्हणून. एक वाईट सांगितलं की लोकांचा विश्वास बसतो. शाळेबद्दल बोललं तर भांडायला कोणी येत नाही." त्यांनी मागे बसलेल्यांकडे मान वळवली. "मी खोटं बोललो. सगळ्यांशी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, की मी आकड्यांना बांधलेला माणूस आहे. नव्या प्रवेशांपर्यंत थांबवता येईल, तोवर बाकं भरली तर ठीक, नाहीतर माझ्या हातात काही नाही. लोक उठले. कंडक्टर काकांना वळसा घालून गेला. शिवणकाम करणाऱ्या बाई मात्र त्यांच्यापाशी थांबल्या.

"माझी पोरगी रोज तो मोठा रस्ता एकटी ओलांडते, काका," एवढंच बोलून त्या गेल्या.

काका तिथेच उभे राहिले. माफी कशी मागायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मोठ्या बाई सभेसाठी हलवलेली बाकं पुन्हा जागेवर लावायला लागल्या होत्या. पाठ त्यांच्याकडे ठेवूनच त्या बोलल्या.

"लोक का येत नाहीत ते मला कळत नव्हतं. आधी वाटलं संडासामुळे, म्हणून ते नीट केले. मग वाटलं, खिडक्या मोडक्या दिसतात." त्यांनी बाकावरची धूळ हाताने पुसली. "सगळं झालं तरी येईनात. मग वाटलं, मलाच शिकवता येत नसेल. दोनदा नोकरी सोडायला निघाले होते."

काका पुढे झाले आणि त्यांनी बाकाचं दुसरं टोक धरलं. राहू द्या, असं बाई म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. दोघांनी मिळून बाक भिंतीशी नेऊन ठेवलं, आणि मग दुसरं उचललं.