कापसावरचा रस्ता

आमच्या घरात कापसाची एक खोली आहे. तिला खिडकी नाही. रस्त्याच्या बाजूला पत्र्याचं दार आहे, ते बंदच असतं. वेचणी झाली की कापूस तिथे छातीभर रचलेला असतो.

घर दुपारचं निजलं की मी आतल्या दाराने तिथे जायची. दार ओढून कापसात बसायची. पत्र्याला खिळ्याचं एक भोक आहे. आधी नुसता अंधार असतो. मग डोळे सरावतात आणि समोरच्या पांढऱ्या ढिगावर बाहेरचा रस्ता उतरतो, उलटा. कडुलिंब वरून खाली लोंबतो. माणसं डोक्यावर चालतात. धाड गावाला जाणारी लाल एस.टी. चाकं वर करून निघून जाते. लग्न होऊन आले त्या वर्षी हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा भ्याले होते. नंतर ते माझं झालं. कोणाला सांगितलं नाही. चौथी शिकलेली बाई असं काही बोलली की लोक आधी तिचा ताप पाहतात.

माझी मुलगी पुण्यात शिकली. ती आणि तिच्या मैत्रिणी कला आणि विज्ञान एकत्र करून काहीबाही मांडतात. आवाजाने थरथरणारं पाणी, भिंगाखाली डोंगराएवढं दिसणारं तिळाचं बी. या उन्हाळ्यात तिला ते आपल्या भागात मांडायचं होतं. जागा शोधत आम्ही दोघी स्कूटीवर फिरलो. ती बोलायची, मी मागे डबा धरून बसायची. मंगल कार्यालयं लग्नांनी भरलेली. शाळेचे गुरुजी हो म्हणाले, पण वर्गांना इतक्या खिडक्या की हवा तसा अंधार कुठेच मिळेना. शेगावात एका हॉलवाल्याने विचारलं, "भजन हाये का प्रवचन?"

"दोन्ही नाही, काका."

"मंग लोक काऊन येतीन?"

घरी येऊन तिने चप्पल कोपऱ्यात टाकली. "जाऊ दे आई. पुण्यालेच नेऊ सारं."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. सांगितलं तर ती हसेल. आणि नाही हसली, तर खोली माझी एकटीची राहणार नाही. मला दोन्हीची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हटलं, "चाल, तुले एक दाखवायचं हाये."

"आई, कापूस खाजवते."

"गुमान बैस."

थोड्या वेळाने तिचं खाजवणं थांबलं. ढिगावरून एक शेळी पाय वर करून गेली. मग तिच्यामागून आमचे मालक आले, धोतर वर, टोपी खाली.

"बाबा उलटे येऊन राह्यले!" ती ओरडली.

त्यांनी आतलं दार उघडलं. उजेड सांडला, रस्ता विरघळला. "मायलेकी इथं काऊन बसल्या? अंडे उबवता का?"

"बाबा, दार लावा आधी!"

तेही बसले. मान वाकडी करून ढिगाकडे पाहू लागले. मग हळूच म्हणाले, "तो त आपला गोऱ्हा." मुलगी म्हणाली इथंच मांडू सारं, तसे ते म्हणाले, "पण शनिवारी कापूस न्यायले गाडी येते. खोली रिकामी होईन."

व्यवहारात मी कधी तोंड घातलं नव्हतं. अंधार होता म्हणूनच बोलले असेन.

"गाडी थांबवा. पोरीचं होऊ द्या."

एक एस.टी. ढिगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

"बरं," ते म्हणाले. "पण इथं वायर-बियर नाही. कापूस हाये."

तारांच्या वस्तू मग ओसरीत आणि गोठ्यात मांडल्या. गोऱ्हा आठ दिवस लिंबाखाली राहिला.

पहिल्या दुपारी मुलगी म्हणाली, "आई, तू आत बस. तुले कसं दिसलं थे लोकायले सांग." मी हो म्हटलं. पण ओसरीत पावलं वाजू लागली तशी मी उठले. कळशी उचलली आणि मागच्या दाराने निघाले, गल्लीतून वळसा घालून रस्त्यावर आले. ऊन पांढरं पडलं होतं. समोर ते पत्र्याचं दार. तेव्हा लक्षात आलं, आता कापसावर मीच आहे.

पदर सारखा केला. कळशी डोक्यावर ठेवली आणि दारावरून चालू लागले. आत बाया खळखळून हसल्या. मग मुलीचा आवाज आला, "थे माही आई हाये. तिनंच दाखवलं मले."

मी लिंबापर्यंत गेले. वळले, आणि पुन्हा एकदा, सावकाश, दारावरून चालले.