मॅडमच्या कपाटातली माझी वही

लहामगे मॅडम विद्यार्थ्याचा कागद हातात घेतला की आधी शेवटचं वाक्य वाचायच्या. "शेवटाला माणूस दमतो, तिथं खरं सापडतं," म्हणायच्या. पहिल्याच भेटीत माझ्या शेवटच्या वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हे तुझं न्हाई. कुठून उचललंस?"

उचललंच होतं.

मी पाथर्डीकडची. आईवडील दरसाल ऊसतोडीला जायचे. पीएच.डी.साठी विषयही तोच घेतला, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आजारपण. मॅडम माझ्या मार्गदर्शक, मूळच्या राजूरच्या, आणि बोलताना राजूरची बोली लपवायच्या नाहीत. त्यांची एक अट होती. रोज एक पान वहीत लिहायचं. आज काय पाहिलं, कशाची भीती वाटली, स्वतःशी कुठे खोटं बोललीस. दर शनिवारी वही त्यांच्या टेबलावर.

माझ्या मनात पाल चुकचुकली. वस्तीवरच्या बायका मला जे सांगायच्या, ते मॅडमना कुणी सांगितलं नसतं, आणि वहीतून ते त्यांना आयतं मिळत होतं. बरोबर पीएच.डी. करणाऱ्या एकीने बजावलंही, "जपून. गाईडच्या नावावर लेख छापून येतो, आपल्याला पत्ता लागत नाही." त्यात एक दिवस झेरॉक्सवाले काका म्हणाले, "मॅडमनी तुमची अख्खी वही झेरॉक्स करून नेली. पुस्तक येतंय काय?"

त्या दिवसापासून मी वहीत खोटं लिहू लागले. न भेटलेल्या बायका, न झालेल्या गप्पा. तीन शनिवार मॅडमनी ती पानं वाचली. वही परत देताना चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. मला त्या बघण्याचाही संशय यायचा.

चौथ्या शनिवारी मी विचारलंच, "मॅडम, माझ्या वहीच्या झेरॉक्स कशाला काढल्या?"

त्यांनी कपाट उघडून फाईल माझ्यापुढे टाकली. पानांच्या कडेला तांबड्या शाईत त्यांचं अक्षर. एका पानावर मी लिहिलं होतं, 'आई उसाच्या फडात आजारी पडल्याचं कळलं, तरी परीक्षेचं कारण सांगून मी गेले नाही.' त्याखाली मॅडमनी लिहिलं होतं, 'प्रबंध इथून सुरू कर.' नंतरच्या खोट्या पानांच्याही झेरॉक्स होत्या, पण त्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. कोपऱ्यात फक्त बारीक प्रश्नचिन्ह.

"तू पानं फाडशील असं वाटलं मला, म्हनून काढल्या," त्या म्हणाल्या. "मीबी फाडली हुती, माझ्या वक्ताला. मग माझ्या प्रबंधात मीच उरले न्हाई."

"मला वाटलं, तुम्ही छापाल."

"वाटू दे की. घे माझ्यावर संशय, पन लिहून काढ. लिहिला म्हंजे कळतं, त्यात मी किती हाय आन् तुझं भ्या किती हाय."

मी तिथेच बसून तो संशय लिहून काढला. मग पहिलं प्रकरण आईच्या त्या पानापासून नव्याने लिहिलं, चारदा. तरी पुढे कित्येक महिने मी संशोधन-पत्रिकांच्या नव्या अंकांत मॅडमचं नाव चोरून शोधत राहिले. कुठेच सापडलं नाही.

प्रबंध जमा होण्याआधीच मॅडम निवृत्त होऊन राजूरला परतल्या. कागदोपत्री दुसरे मार्गदर्शक आले. तोंडी परीक्षेला या म्हणून मी फोन केला. "न्हाई यायची," त्या म्हणाल्या. "मी आले तर तू माझ्याकडं बघून बोलशील."

परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या आईबद्दल लिहिलंय. आम्ही यावर विश्वास का ठेवावा?"

"लगेच ठेवू नका, सर," मी म्हणाले. "माझी नजर कुठे चुकली असेल, ते चौथ्या प्रकरणात लिहिलंय. तिथून तपासा."

त्यांनी चौथं प्रकरण काढलं आणि वाचायला लागले. मी समोर उभी होते. वळून बघावं असं खोलीत कुणीच नव्हतं, आणि मी वळलेही नाही.