पोमा राठोडचा चेहरा

फुलचंद पवार पोरसवदा वयातच तांडा सोडून यवतमाळला आला, तो टॉकीजची पोस्टरं रंगवणाऱ्या एका उस्तादाचे ब्रश धुवायला. तिथंच त्याचा हात बसला. पुढं कृषी केंद्रांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, लग्नघरच्या भिंतीवरची नवरा-नवरीची नावं, सारं त्यानं रंगवलं. मग फ्लेक्स आले. पाट्या गेल्या, दुकान गेलं, राहिल्या फक्त शाळांच्या भिंती. त्या भिंतींवर फुलचंद पुढारी काढी. गांधीजी, टिळक, सुभाषबाबू, भगतसिंग, आणि आपल्या जिल्ह्याचे म्हणून लोकनायक अणे. टिळकांची पगडी तर त्याच्या मनगटातच उतरली होती. पुढारी म्हटला की छाती रुंद, गाल भरलेले, रंग उजळ. नटांच्या पोस्टरवर उस्तादानं शिकवलेलं हे त्यानं कधी सोडलं नाही. या माणसांनी काय सोसलं असेल, हा विचार मात्र कधी त्याच्या मनात आला नव्हता.

यंदा जानेवारीत नेर तालुक्यातल्या एका शाळेचं काम आलं. गाव आणि शेजारचा बंजारा तांडा, दोघांची शाळा एकच. मुख्याध्यापिका अर्पिता मॅडम म्हणाल्या, "एक जागा मोकळी ठेवा. तिथं पोमा राठोड काढायचे. याच तांड्यातले."

इंग्रज सरकारनं राखीव रानात गवत कापायला बंदी केली होती. तीस साली पुसदच्या रानात लोकांनी तो कायदा मोडला आणि ते लोण जिल्हाभर पसरलं. तेव्हा पोमा राठोडही विळा घेऊन रानात शिरला, तुरुंगात गेला. बेचाळीसला त्याला पुन्हा धरून नेलं.

"फोटो?" फुलचंदनं विचारलं.

"एकही नाही."

पोमाचा पणतू बबलू तांड्यातच होता. फुलचंदनं त्याला समोर बसवला, त्याच्याच तोंडावळ्यावर वय चढवलं, डोक्यावर पांढरी टोपी घातली, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. शाळा समितीचे अध्यक्ष सदाशिवराव चित्रापुढं उभे राहून म्हणाले, "वा! बरोब्बर पुढारी दिसते."

दुसऱ्या दिवशी बबलू आपल्या आजोबांच्या बहिणीला, लालीबाईला घेऊन आला. पोमाची ही लेक. नवरा वारल्यावर माहेरच्या तांड्यात परतलेली, नव्वदीला टेकलेली. तिनं भिंतीजवळ जाऊन चित्र पाहिलं.

"हा कोण होय?"

"याडी, तुमचा बाप," फुलचंद म्हणाला. बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, आणि आईच्या वयाच्या बाईलाही.

"माहा बाप इतका गोरा कधी होता? अन् असा गुबगुबीत?"

फुलचंद ओशाळला. आपला स्टूल त्यानं तिच्यापुढं सरकवला. लालीबाई बसली, पदर सावरला आणि हळूहळू बोलू लागली.

"बेचाळीसात त्याले नेलं, तवा मी लहान. शेळ्या घेऊन रानात गेलती. जातानी पाह्यलंच नाही मी त्याले. लय दिवसांनी एक दिवस दारात कोणी म्हातारा येऊन उभा. डोळे आत, गालात खळगे, नुसती हाडं. मी भेली. 'याडी, भिकारी आला!' म्हणून ओरडली. माही याडी धावत आली अन् त्याचे पाय धरून रडाले लागली. तवा मले समजलं."



"मग?" फुलचंदनं विचारलं.

"मग काय. खोकला धरलाच होता. त्या उन्हाळ्यात गेला. पण जितके दिवस होता, मले जवळ बसवे, डोक्शावर हात ठेवे. माहा धाक गेला. त्या तोंडाची माया लागली रे. त्याच्या आधीचं तोंड मले आठोतच नाही. मन लावून आठवून पाह्यलं, नाहीच येत. माह्याजवळ तेवढंच एक तोंड हाय."

"तेच काढू?"

"तुले जमते काय?"

"माहीत नाही, याडी. तसा चेहरा आजवर काढलाच नाही."

त्यानं टोपीवाल्या पुढाऱ्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला. लालीबाई रोज येऊन स्टुलावर बसू लागली. "गाल अजून आत घे. कान मोठे दिसत. केस असे नव्हते, कापून टाकेल होते." तो खोडायचा, पुन्हा काढायचा. एवढ्या वर्षांचा सवयीचा हात गाल भरायलाच धावे.

सदाशिवराव आले ते पाहतच राहिले. "काहून रे फुलचंद, चांगला माणूस पुसून टाकला? सव्वीस तारखेले पाहुणे येतीन. पोरं भेतीन याले."

फुलचंदनं आयुष्यात काम देणाऱ्याला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"राव, या भिंतीवरचे सारेच तुरुंगात गेलते. मी सगळ्यायचे गालच भरत आलो. याचे नाही भरणार. तुम्हाले नसन पटत, तर दुसरा पेंटर पाहा."

सदाशिवरावांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम भिंतीकडंच बघत होत्या. "राहू द्या," त्या म्हणाल्या.

"तुमची मर्जी," असं पुटपुटत सदाशिवराव गेले. त्यांना ते चित्र शेवटपर्यंत आवडलं नाही.

राहिले होते डोळे. फुलचंदचा ब्रश तिथं येऊन अडला. "याडी, डोळे कसे होते? थकलेले?"

"डोळे नाही थकले," लालीबाई लगेच म्हणाली. "आम्हाले पाहून हासे तो."

काम संपलं त्या दुपारी वर्ग सुटले. चौथीतली निकिता चित्रापुढं येऊन थांबली. "आजी, हे बिमार होते काय?"

"होते."

"मंग हासते कायले?"

"घरी आला होता ना," लालीबाई म्हणाली.

"कुठून?"

लालीबाईनं तिला जवळ ओढलं. "त्यानं रानातलं गवत कापलं होतं, बाई..." आणि ती सांगू लागली. एकेक करत पोरं भोवती बसली. यवतमाळची बस फाट्यावर यायची वेळ झाली होती. फुलचंदनं ब्रश तसेच डब्यात सोडले आणि पोरांच्या मागं मांडी घालून बसला.