दामलेकाकांच्या गाडीची धाप

"दिनू, वर ये आणि माझ्या तोंडावर बोल. खाली चार लोकांत काय बोलतोस?"

चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून माझी सख्खी ताई ओरडत होती. कारण खाली पार्किंगमध्ये, उघड्या बॉनेटपाशी उभा राहून, मी नुकताच तिच्या नवऱ्याला चोर म्हणून मोकळा झालो होतो. फरीदाबादची आमची सोसायटी म्हणजे पंजाबी, बंगाली, मल्याळी... मराठीचं अक्षर कुणाला कळत नव्हतं, पण गोष्ट सगळ्यांना कळली होती. बाल्कन्या भरल्या होत्या. ताईने शेवटचं वाक्य टाकलं – "या वर्षी भाऊबीजेला येऊ नकोस" – आणि दार आपटून आत गेली.

आता थोडं मागचं सांगतो. एक स्पष्ट करतो, मी या सदरातले भुताखेतांचे अनुभव चहाबरोबर वाचून खो-खो हसणारा माणूस आहे. स्मशानासमोर बसून अमावास्येला भेळ खाल्लेली आहे मी, आणि वर जास्तीचा कांदा मागून घेतला आहे. भूतबीत आपल्याला चालत नाही. पण हे जे झालं ते झालं...

ते दिवस असे होते की घराघरात केबल आली होती, शेतांमधून सोसायट्या उगवत होत्या, पाणी टँकरने यायचं आणि तरी प्रत्येकाला गाडी हवी होती. मलाही हवी झाली. दिल्लीतल्या आम्हा मराठी लोकांचा एक ठरलेला गाढवपणा असतो – मराठी मंडळातल्या माणसाची जुनी गाडी असली की मेकॅनिकला दाखवायची नाही. आपला माणूस आहे, तो कशाला फसवेल? तशी मी सरोजिनी नगरच्या दामलेकाकांची छोटी पांढरी गाडी घेतली. बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही. काकांनी किल्ली दिली आणि एवढे खूश दिसले की मलाच भरून आलं.

महिन्याभरात गाडी धुराचा कारखाना झाली. निळा, जाड धूर. डास मारायच्या गाडीमागे पोरं धावतात तशी माझ्यामागे धावायची. बदरपूर बॉर्डरवर एकदा ट्रॅफिक हवालदार मलाच विचारत आला, "आग कहाँ लगी है?" सिग्नलला गाडी थरथरायची, इंजिनातून शिट्टी यायची आणि ऑइल मोजायची डिपस्टिक आपोआप उसळून बाहेर यायची.

भाऊजी मानेसरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. अबोल माणूस. त्यांनी चालू इंजिनवरून अंगठ्याएवढा पीसीव्ही व्हॉल्व्ह उपटला. इंजिनच्या पोटात साचलेली वाफ-धूर ओढून घेऊन परत जाळायला पाठवायचं, हे त्याचं काम. तोंडावर अंगठा धरला, ओढ नाही. कानाशी हलवला. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळतो, हा मुका. आत डांबर. भाऊजी म्हणाले, बदलू.

कारखान्यातून त्यांनी दुसरा आणून बसवला. गाडी गुणी झाली, आणि चार दिवसांत पुन्हा धूर. पुन्हा दुसरा. पुन्हा तेच. आता मानेसरवाल्यांची एक सवय मला माहीत होती. तपासणीत नापास झालेला माल "तसं काही वाईट नाही" म्हणत घरी आणायचा आणि नातेवाइकांच्या गाडीत घालायचा. माझ्या डोक्यात किडा शिरला. पुढच्या व्हॉल्व्हला मी गुपचूप बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला. चार दिवसांनी काढला तर ठिपका तसाच आणि आत डांबर, दहा वर्षं न धुतलेल्या कढईसारखं. शहाणा माणूस इथे थांबला असता. मी म्हटलं, ताईकडेही तोच रंग आहे, दोघींनी बाजारातून एकदमच घेतलाय... म्हणजे भाऊजींनी चांगला व्हॉल्व्ह काढून नेला, मुका बसवला, आणि ठिपकासुद्धा त्यांचाच. आणि मग पार्किंगमध्ये मी तो शब्द वापरला.

भाऊजी चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त संशय आला. ते एवढंच म्हणाले, "दिनू, या वेळी तू आण. तूच बसव."

रविवारी मी कश्मीरी गेटच्या बाजारातून सीलबंद पाकिटातला व्हॉल्व्ह आणला. पाकीट सगळ्यांसमोर फोडलं, कानाशी हलवला, मस्त खुळखुळला. पाइप तारेने साफ केला. भाऊजींनी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, पिस्टनच्या रिंगा ठणठणीत, म्हणजे इंजिन झिजलेलं नाही. इंजिन चालू करून ऑइलच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर वर्तमानपत्रातला विवाहविषयक जाहिरातींचा तुकडा ठेवला. कागद आत ओढला जाऊन घट्ट बसला. म्हणजे व्हॉल्व्ह उत्तम. मी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली. कागद तिथेच राहिला.

भरदुपार. समोरच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. ताई भाऊजींना जेवायला बोलवायला खाली आली होती, माझ्याकडे पाठ करून उभी. आणि कागद उचलला गेला...

बोटभर वर. मग सावकाश खाली, आत ओढला गेला. पुन्हा वर. बंद इंजिनवर, महाराज! दोन आखूड ओढी, एक बारीक शिट्टी, मग मोठा खंड, आणि कागद परत वर. मी हात लावायला गेलो तर इंजिनातून ओला, घोगरा आवाज आला आणि डिपस्टिक टुणकन उडून माझ्या बुटावर पडली.

भाऊजी म्हणाले, "वारा असेल." आणि दोन पावलं मागे सरकले.

ताई वळली. कान देऊन ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "हा दामलेकाकांचा दमा आहे. मंडळाच्या नाटकाला ते पहिल्या रांगेत बसायचे ना, सबंध प्रयोग हेच ऐकायचो आम्ही. दोन ओढी, शिट्टी, खंड."

मी व्हॉल्व्ह उपटला. तासाभरापूर्वी पाकिटातून काढलेला. हलवला. मुका. आत डांबर. ताईने तो माझ्या हातून घेऊन पाहिला आणि भाऊजींच्या हातात ठेवला.

मी हिशेब केला: काका गेले. गाडी विकल्यावर गेले असणार, जीव या गाडीत अडकलाय, आणि घरच्यांनी मला कळवलंही नाही. भाऊजींच्या स्कूटरवर, ज्यांना चोर म्हटलं त्यांच्याच कमरेला धरून, मी सरोजिनी नगरला निघालो. घरच्यांना तोंडावर विचारणार होतो. फोटोला हार दिसला की गाडी तिथेच सोडायची, असंही ठरवलं होतं.

जिन्यात आमच्या पुढे एक माणूस गॅसचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन, गाणं गुणगुणत, दोन-दोन पायऱ्या चढत होता. दारापाशी तो वळला. दामलेकाका. वर्षापूर्वी हा माणूस एक मजला चढला की पायरीवर बसायचा.

त्यांनी चहा दिला. मी विचारलं, काका, तुमचा दमा?

"होता," ते म्हणाले. "गाडी विकली तेव्हापासून नाही."

भाऊजी चहा ढवळायचे थांबले. मी तिथेच, काकांसमोर, त्यांना म्हणालो, "भाऊजी, तो शब्द मी परत घेतो." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ढवळायला लागले. त्या वर्षी ताईने ओवाळलं, पण ताटात डिपस्टिक ठेवली होती.

तेव्हापासून इंजिनीयर म्हणवणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगितलंय. कुणी म्हणतं दव, कुणी म्हणतं भेसळीचं ऑइल. तासाभरात? बंद इंजिनात? गाडी पुढे एका भंगारवाल्याला दिली, त्याची छाती चांगली रुंद आहे ना, हे बघून.

मला अजून खटकतं ते वेगळंच. चहा संपल्यावर निघताना मी म्हटलं होतं, काका, गाडी परत ठेवून घ्या, फुकट देतो. काकांनी काय झालंय गाडीला, असं विचारलं नाही. धूर येतो का, आवाज येतो का, काही नाही. कप उचलले आणि म्हणाले,

"नको. आता बरं आहे."