पिवळ्या पट्टीतली परी

किस्से गोळा कराले मी कुठं जात नाई. बोरी अरबच्या बाजारातून आणलेला तंबाखू मळत ओट्यावर बसतो, समोर अंगणवाडी हाय, तिथूनच ते आपोआप येऊन पडतात. चौथीत शाळा सोडली, आता सत्तरीत बालवाडी ऐकून राह्यलो.

*

सुनंदाताई ते अंगणवाडी चालवते. एकदा तिनं पोरायले घर-घर खेळाले लावलं. गल्लीतल्या प्रदीपच्या सोन्याले बाबा केलं. पोरगं चटईवर आडवं झालं, पायावर पाय टाकला अन् म्हणे, “चार्जर आन वं.”

प्रदीप दारातच उभा होता, पोराले घ्याले आलता. तवापासून सोन्याले त्याची मायच नेते.

*

वजनाचा दिवस म्हणजे भांडणाचा दिवस. तांड्यावरची एक आजी नातवाले काट्याले टांगू देई, पण आकडा मोठ्यानं बोलू देत नसे. दृष्ट लागते म्हणे. ताईनं तोड काढली. पोरगं बारा किलोचं; ओरडून सांगे अकरा, लिहे बारा.

एक दिवस तपासणीले वरच्या म्याडम आल्या. ऐकलं अकरा, वाचलं बारा. “हे काय आहे?”

“म्याडम, बारा आपल्यासाठी. अकरा दृष्टीसाठी.”

म्याडमनं इकडंतिकडं पाह्यलं अन् हळूच म्हणे, “माझ्या नातवाचं मी दहाच सांगते.”

*

माही नात परी साडेतीन वर्षांची. ताईनं तिच्या दंडाले रंगीत पट्टी गुंडाळली. हिरवं म्हणजे चांगलं, लाल म्हणजे दवाखान्यात भरती. परी निघाली पिवळी, तेही लालच्या काठावर. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

मी म्हटलं, “ताई, आमचं खानदानच हाडानं बारीक हाय.”

“आबाजी, खानदानाले पट्टी लावत नाई मी. हिले सकाळी चहा-टोस कोण देते?”

मीच देतो.

ताईनं परीले रोज एक जादा उकडलेलं अंडं सुरू केलं.

*

खेळाले ताईनं पोरायले तशीच कागदाची पट्टी रंगवून देल्ली. परीनं ती माह्या अंगठ्याले गुंडाळली अन् निकाल देल्ला, “आबा लाल.”

मंग पोरायनं शेळीची मान मोजली. शेळी हिरवी.

*

दोन महिने झाले, परीचा काटा काही हालेना. आणखी एक महिना पाहू, नाई तर दवाखाना, ताई म्हणे. सून चुलीपुढं बसून डोळे पुसे. मले संशय आला, पोरीचं अंडं कोणीतरी हाणून राह्यलं.

ताईशी भांडाले जीभ उचलत नोती. कारण ते बाई रोज दुपारी परीच्या हाती माह्यासाठी एक अंडं पाठवे. म्हाताऱ्या शेजाऱ्याचा मान असंल. पण नातीचा सवाल होता. एका दुपारी अंडं खाल्लं अन् परीचा हात धरून तसाच उठलो.

दारातूनच विचारलं, “ताई, माह्या नातीचं अंडं कोण खाऊन राह्यलं?”

“मी तिच्या हातावर ठेवते, आबाजी. घरी खाईन म्हणते अन् पळते.”

ताई परीपुढं उकिडवी बसली. “परी, तुह्यं अंडं कोण खाते वं?”

परीनं माह्याकडं बोट केलं. “आबा. तो लाल हाय ना.”

सारी अंगणवाडी माह्याकडं पाहून राह्यली.

ताई म्हणे, “आबाजी, आधी मिशी पुसा.”